आक्काच्या पदरावरची रॉकेटं

विणकरांच्या वडगावात जन्मलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. लग्नानंतर मी गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत राहायला गेले, तर पहिले पंधरा दिवस दुपारी डोळा लागेना. कानात सारखं काहीतरी कमी आहे असं वाटायचं. आमच्या घरी पुढच्या सोप्यात दोन हातमाग होते. खड्ड्यात पाय सोडून एकावर आप्पा बसायचे, दुसऱ्यावर माझी थोरली बहीण शालन, म्हणजे आक्का. सकाळी चहा झाला की जे खट्याक्-खट् सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. त्या आवाजावरून बोलायचं म्हणजे ओरडायचंच. साधं मीठ मागायचं तरी आमच्या घरात भांडण चालल्यासारखं वाटायचं. त्यामुळे शाळेत बाई मला म्हणायच्या, "कुसुम, मी बहिरी नाही गं." मागच्या बाजूला आई ताण्याच्या सुताला लावायची खळ शिजवत असायची. शेजारच्या चुलीवर जोंधळ्याची आंबील, आणि दोन्ही पातेली दिसायला एकसारखी. एकदा पाहुण्यांच्या वाटीत खळ गेली होती आणि पाहुण्यांनी ती मुकाट्यानं प्यायली, वर "झकास झालीया" म्हणाले. माझं काम रहाटावर सुताच्या कांड्या भरायचं. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हातात सूत, आणि मांडीवर पेपर. तो पेपर म्हणजेच माझं सगळं आयुष्य, असं तेव्हा वाटायचं.

रॉकेटाचं वेड मला नेमकं कधी लागलं ते सांगता येत नाही. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी शाळेत जायच्या बेतात होते. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की आईनं कमरेवर हात ठेवून आप्पांना विचारलं, "तितं मानसं फिराय लागली तर आमी संकष्टीला बघायचं काय?" पुढं वाचता यायला लागलं तशी मी पेपरातली अंतराळाची प्रत्येक बातमी कापायला लागले. अमेरिकेचं यान आणि रशियाचं यान वर आकाशात एकमेकांना जोडलं गेलं, दोघांच्या माणसांनी हात मिळवले, तो फोटो. आपला पहिला उपग्रह रशियाच्या रॉकेटवर बसून गेला, तो फोटो. सुताच्या गठ्ठ्यांचा तपकिरी कागद असायचा, तो शिवून मी वही केली आणि कात्रणं डकवली आईच्या खळीनं. आता हसू येतं, पण ते माझं पहिलं मोठं नुकसान. खळ झुरळांना फार आवडते. दिवाळीला वही उघडली तर एका अंतराळवीराचं मुंडकं गायब आणि चंद्राला भोक. मी दोन दिवस जेवले नाही, आणि आक्कानं माझ्या वाटणीची चकली खाल्ली.

बातम्या ऐकायच्या तर पलीकडच्या गल्लीत मल्लाप्पाकाकांच्या घरी जावं लागे. हे काका जेकार्डच्या पट्ट्या पाडायचे. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, साडीवर नक्षी उठवायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर काढतात, मग तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, आणि मागाच्या डोक्यावर बसवलेलं जेकार्ड त्या भोकांवरून कुठला धागा उचलायचा ते ओळखतं. काका घरी कन्नड बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही. खिळ्याला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. भोकं पाडून खाली पडलेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या मी फ्रॉकात गोळा करायची आणि ते ओरडायचे, "बा तंगी, बा! आज काय उडालं?" बा म्हणजे ये, तंगी म्हणजे धाकटी बहीण. साठीच्या माणसानं मला बहीण म्हणावं याची मला भलतीच ऐट होती.

मी दहावीला गेले त्या वर्षी आकाशानं नुसता कहर केला. आधी अमेरिकेची स्कायलॅब, वर फिरणारी अवजड प्रयोगशाळा, पडणार म्हणून बातमी आली. कुठं पडणार ते कुणालाच माहीत नाही, म्हणजे वडगावातच पडणार, असं वडगावचं मत. आमच्या शेजाऱ्यांनी, मरायचंच तर उपाशी कशाला, म्हणून खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या एका दिवसात कापल्या. स्कायलॅब पडली तिकडं लांब समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या माळावर. शेजारीणबाई पुढं कितीतरी दिवस अंड्यांसाठी नवऱ्याला बोल लावत होती. मी मात्र हवेत होते. जो तो मलाच विचारायचा. "कुसे, पडंल का गं?" एरवी ज्यांनी मला ढुंकून पाहिलं नव्हतं ते आप्पांना थांबवून म्हणत, "तुमच्या धाकटीला इचारा की."

आणि मग, त्याच पावसाळ्यात, ती बातमी. आपलं रॉकेट. आपल्या माणसांनी बांधलेलं, श्रीहरिकोट्याहून आपल्याच जमिनीवरनं उडणारं. त्या आठवड्यात मी किती कांड्या उलट्या भरल्या त्याचा हिशेब नाही. सूत सुटायचं, आडवं सूत नेणाऱ्या आक्काच्या धोट्यात अडकायचं, ती वैतागून ओरडायची आणि मी तिला सांगायची, "आक्के, चार टप्पे असत्यात बघ. एक जळून पडला की दुसरा पेटतो." ती म्हणायची, "तुझा एक टप्पा मी पेटवते आता."

रॉकेट उडालं आणि थोड्याच वेळात बंगालच्या उपसागरात पडलं.

काकांनी बातमी ऐकून ट्रान्झिस्टर बंद केला. मी घरी आले आणि रहाटासमोर बसून रडले. आप्पांनी माग थांबवला, हे आमच्या घरात क्वचित व्हायचं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण आमचे आप्पा वाईट वाटलं की कडू बोलत. म्हणाले, "एवढी शिकलेली मानसं, साहेब लोक. त्यांचं बी पडलं. मग आमी शिकून काय दिवं लावनार?" त्या बोलण्याच्या मागं काय आहे ते मला कळलं होतं. आक्काचं लग्न संकेश्वरला ठरलं होतं, दिवाळीनंतरचा मुहूर्त होता. ती गेली की तिचा माग रिकामा. आणि आप्पांनी आईला सांगून ठेवलं होतं की कुसुमची दहावी झाली की तिला त्या मागावर बसवायचं. मला सायन्सला जायचं होतं. हे मी घरात फक्त आक्काला सांगितलं होतं.

आमच्यात लेकीच्या लग्नाची साडी घरच्या मागावर विणायची रीत. बाप विणतो आणि पदर सुरू व्हायच्या आधी आई मागाला हळदकुंकू लावते, मग घरातल्या प्रत्येकानं एकेक धोटा मारायचा. पदराची नक्षी धाकट्या बहिणीनं काढायची असं काही शास्त्रात नाही, पण आक्कानं हट्ट धरला की कुसुमच काढणार. मी चौकटीचा कागद घेऊन बसले आणि काय काढायचं ते मला विचार न करता कळलं. आक्काच्या कानाला लागून सांगितलं. ती म्हणाली, "काढ की. माझ्या पाठीवर काय हाय ते मला कुठं दिसतंय!"

आता एक कसबाची गोष्ट. आमच्याकडं अंगाची साडी आधी आणि पदर सगळ्यात शेवटी विणत. पदर खांद्यावरून पाठीवर पडला की शेवट खाली जातो, म्हणून पदरावरची नक्षी कागदावर डोक्यावर उभी काढायची. मोर काढायचा तर पाय वर, तुरा खाली. विणकराच्या पोराला हे बाराखडीच्या आधी येतं. मीही रॉकेट उलटंच काढलं, शेंडा खाली आणि जाळ वर, म्हणजे आक्काच्या पाठीवर ते झोकात वर निघालेलं दिसेल. जांभळ्या पदरावर नऊ रॉकेटं एका रांगेत, खाली पिवळा जाळ. कागद घेऊन मी काकांकडं गेले, तर तिथं आप्पा बसलेले. माझी पाचावर धारण बसली. काकांनी कागद उचलला, चष्मा वर केला. "हे काय काढलीस तंगी?"

"फूल," मी म्हणाले.

"कसलं फूल?"

"घंटेचं."

आप्पांनी मान वाकडी करून पाहिलं आणि "बरं हाय" म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्यात मुलांना "हा प्रयोग परीक्षेला येणार आहे" ही थाप तर दरवर्षी मारली. पण त्या एका थापेइतकी महाग कुठलीच पडली नाही.

पट्ट्या आल्या, जेकार्डवर चढल्या. साडी मागावर असताना उलटी बाजू वर असते, त्यामुळे नुसती सुटलेल्या धाग्यांची गर्दी दिसते. माझी धोटा मारायची वेळ आली तेव्हा मी धोट्याची दोरी हातात धरून मोठ्यानं म्हणाले, "दहा, नऊ, आठ, सात..."

"ही उलटं पाढं कशापाई म्हनतीया?" आईनं विचारलं.

"पाठ कराय लागलीया," आक्का म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

साडी मागावरून उतरली ती ऐन हळदीच्या दिवशी. आक्कानं ती नेसून पाठ फिरवली आणि सोप्यातल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "अगं बाई, फुलं बघा काय उमललीत!" फुलंच होती. पिवळ्या पाकळ्या वर, निमुळतं देठ खाली. म्हणजे माझी नऊच्या नऊ रॉकेटं शेंडे खाली करून जमिनीकडं निघाली होती. पेपरातल्या रॉकेटाला निदान समुद्र तरी मिळाला. माझी आक्काच्या टाचांवर पडत होती.

तशीच पळत काकांकडं गेले. काका माझी वाटच बघत असल्यासारखे हसले आणि हळूच म्हणाले, "तू चुकलतीस तंगी. फुलाचं तोंड पाठीवर वर पायजे, मग कागदावर खाली पायजे का न्हाय? तू वरच काढलतीस. मी फिरवून भोकं पाडलो. आप्पाला बोललो न्हाय बग, ओरडतील तुला." एवढ्या मायेनं सांगितलं त्यांनी. मी काय बोलणार? फूल म्हणून कागद दिला होता मी, आणि त्यांनी चांगल्या कारागिरानं करावं तेच केलं होतं. "उपकार झाले काका," म्हणून परत आले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. आक्का हळदीच्या हातानं शोधत आली. मी तिला सगळं सांगितलं. ती जी हसायला लागली, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते कधी रडणं झालं ते दोघींना कळलं नाही. तोंड पुसत म्हणाली, "अगं, पयल्यांदा पडतंयच. ते काय गप बसनार हाईत? परत सोडतील. तू बी कालिजात जायाचं सोडू नगंस, माज्या गळ्याची आन." मग तिला आतून हाक आली.

आक्का गेली आणि घरातला अर्धा आवाज गेला. एकच माग चालायचा. मला तो एकेरी खट्याक् ऐकवत नसे. मी रहाट ओढत अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाले, बरे मार्क पडले. कॉलेजात नाव घालायची मुदत जवळ येत चालली आणि आप्पा तो विषयच काढीनात. आई एकदा म्हणाली, "मी बसते की शालीच्या मागावर." आप्पा म्हणाले, "तुझं कंबरडं तितं टिकंल व्हय?" तिथं ते बोलणं संपलं. त्यांचं खोटं नव्हतं आणि हीच माझी पंचाईत होती. वाईट बापाशी भांडता येतं. माझा बाप दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि बाजारात पेरू स्वस्त दिसला तर माझ्यासाठी आणायचा.

आषाढ लागला. आमच्याकडं नव्या नवरीला पहिल्या आखाडाला माहेरी आणतात. आप्पांनी दुपारच्या बसनं संकेश्वरला जायचं ठरवलं आणि मला सोबत घ्यायचं कबूल केलं. आईनं गोड कापण्या तळून डबा भरला. निघायच्या आधी मी सवयीनं काकांकडं डोकावले. रेडिओवर कन्नड बातम्या चालल्या होत्या. काकांनी एक हात वर करून मला दारातच थांबवलं, दुसऱ्या हातानं ट्रान्झिस्टर कानाला लावला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"होय्तु!" ते ओरडले. "होय्तु तंगी, होय्तु! गेलं वर! उपग्रह फिरायला लागला बग!"

काय केलं मी तेव्हा! टिकल्यांची अख्खी टोपली उचलून त्यांच्या डोक्यावर ओतली. साठीचा माणूस पुठ्ठ्याच्या टिकल्यांनी भरून नाचत होता आणि काकू आतून कन्नडमध्ये आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. गल्लीतून पळताना मी दिसेल त्याला सांगत सुटले. एक म्हातारा म्हणाला, "आता ह्ये कुठं पडनार?" मी ओरडले, "पडत न्हाय आजोबा! पडतच न्हाय!" आजही प्रक्षेपण असलं की मी मोबाइलसमोर उभी राहते, बसत नाही. नात म्हणते, आजी, बस ना. तिला काय सांगू!

बसमध्ये खिडकीशी आप्पा, मांडीवर कापण्यांचा डबा. मी म्हणाले, "आप्पा, गेलं वर. आपलं रॉकेट."

"ऐकलं की. सगळ्या गल्लीनं ऐकलं." ते हसले. मग म्हणाले, "शाली महिनाभर ऱ्हाईल. तवर मागाचं सगळं शिकून घे तिच्याकडनं."

एरवी मी मान डोलावली असती. पण त्या दिवशी अंगात काहीतरी संचारलं होतं. मी म्हणाले, "आप्पा, धागा तुटला म्हणून तुमी कदी माग जाळलाय का? गाठ मारून परत इणता न्हवं? त्यांचं पडलंतं. त्यांनी परत सोडलं. तुमी म्हणालता, शिकून काय दिवं लावनार. लावलं की त्यांनी." एवढं मी आप्पांना कधीच बोलले नव्हते. शेजारची बाई टोपली धरून आमच्याकडं बघायला लागली. आप्पांनी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि संकेश्वर येईपर्यंत उसाची रानं बघत राहिले. मला वाटलं, संपलं. सगळं घालवलंस कुसुम, तोंडानं घालवलंस.

पावसानं उघडीप दिली होती. आक्काचं सासर स्टँडापासून दोन गल्ल्या आत. आम्ही कोपऱ्यावर वळलो आणि मी जागच्या जागी थांबले. माडीच्या कठड्याला लग्नाची साडी वाळत घातली होती. पण पदराचं टोक वर कठड्याला बांधलेलं आणि बाकीची साडी खाली अंगणापर्यंत सोडलेली. जांभळ्या पदरावर नऊ रॉकेटं शेंडे वर करून उभी, आणि खाली पिवळा जाळ. कठड्याच्या मागं आक्का; बातमी तिनंही ऐकली होती. आम्हाला बघताच तिनं सासरची सगळी रीतभात गुंडाळून ठेवली आणि वरून हाळी दिली, "दहा! नऊ! आठ!"

आप्पा छत्रीला टेकून बघत राहिले. "ही फुलं उलटी का टांगल्यात हिनं..." म्हणाले, आणि अर्ध्यावर थांबले. मान डावीकडं झाली, उजवीकडं झाली. एकेक धागा ज्या माणसानं स्वतःच्या हातानं विणला, तो पहिल्यांदा ती नक्षी बघत होता.

"ह्ये फूल न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय."

"रॉकेट हाय."

"व्हय."

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं, आप्पा. मी खोटं बोललेले."

"आन् ह्यो खालचा पिवळा?"

"जाळ."

"जाळ व्हय," आप्पा म्हणाले. आता रागावतील म्हणून मी खाली बघत उभी. वर आक्काचं मोजणं केव्हाच संपलं होतं. आप्पा दोन पावलं पुढं गेले, साडीच्या अगदी खाली उभे राहून त्यांनी डोळे बारीक केले. "तिसऱ्याचा शेंडा तिरका आलाय. सगळ्यांचाच आलाय. एक चौकट चुकलीया तुझी. नीट मोजाय शीक."

"कुठं शिकू?" मी विचारलं.

आप्पांनी डबा माझ्या हातात दिला आणि छत्री बगलेत मारली. "जितं शिकवत्यात तितं," ते म्हणाले. "सोमवारी जाऊन नाव घालू. मागावर तुझी आई बसते म्हनत हुती, मीच व्हय म्हनत नव्हतो. चल आता वर, कापण्या मऊ पडतील."